चार नंबरचे थांबे

तारा काढून नेल्या त्याला बरीच वर्षं झाली,
तरी चालताना तू अजून वर बघतोस.
वळणावर तुझी मान आधी वळते, मग पाय.
मी म्हणते, नुगझार, खाली बघ, चिखल आहे.

सव्वीस वर्षं चार नंबरची ट्रॉली
तू याच रस्त्यानं नेलीस आणि आणलीस.
तिबिलिसीत कुठल्या थांब्यावर कसला वास, तुला तोंडपाठ.
चव मात्र एकाचीही ठाऊक नाही.
डबा माझा असायचा: उकडलेलं अंडं, काळा पाव,
सोमवारी रविवारचं उरलेलं.
म्हणून हे पेन्शनीतलं खूळ.
दर शनिवारी एक थांबा. उतरायचं आणि खायचं.

पहिल्या थांब्याला तळघरातली भट्टी.
भट्टीवाला पोरगा कमरेपर्यंत आत वाकला,
त्याचे पाय हवेत, आपला श्वास अडकलेला,
आणि वर आला तो होडीसारखा पाव घेऊन.
तू टोक मोडून मला दिलंस.
तुझ्या हातून गरम काही खायला मिळालं,
लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच.

आज स्टेशनामागचा बाजार.
बडीशेपेच्या वासाच्या तारखूनच्या जुड्या,
आंबट आलुबुखारची हिरवी चटणी, कोकच्या बाटल्यांत भरलेली,
वाळल्या झेंडूची पूड, जिला इथे सगळे केशर म्हणतात
आणि कुणालाच लाज वाटत नाही.
चीजवाल्या बायका सुरीच्या टोकावर फोड धरतात.
तू प्रत्येकीची चाखलीस, प्रत्येकीला म्हणालास,
"जरा खारट."
चौथी म्हणाली, "गोड हवं तर पुढे जा, आजोबा."

पुढे चुर्चखेला टांगलेल्या.
दोऱ्यात ओवलेले अक्रोड, द्राक्षाच्या घट्ट रसात बुडवून वाळवलेले.
लांबून मेणबत्त्या, जवळून सुजलेली बोटं.
म्हातारीनं तुझ्याकडे पाहिलं, मग तुझ्या हातांकडे.
"चार नंबर," ती म्हणाली. "तूच ना तो?
त्या अंधाऱ्या हिवाळ्यात
मी पोतं घेऊन मागे धावत होते.
आरशात पाहिलंस मला.
पाहिलंस आणि दार लावलंस."

"वीज जाणार होती," तू म्हणालास. "आत साठ माणसं होती."

"पोत्यात अक्रोड होते. फुटलं ते. रस्ताभर."

मला ती रात्र आठवली.
तू जेवायला बसला नाहीस.
खिशातून एक अक्रोड काढलास, टेबलावर ठेवलास,
आणि बूट न काढता खिडकीशी उभा राहिलास.
परतीच्या खेपेला रस्ता साफ झाला होता,
लोकांनी सगळे वेचून नेले होते,
तुला तेवढा एकच सापडला होता,
हे तू आज सांगतो आहेस, तेही मला नाही, तिला.
मला वाटलं होतं, माझ्यासाठी आणलास.
मेणबत्तीच्या उजेडात मी तो फोडला,
अर्धा तुझ्यापुढे केला,
तू नको म्हणालास, मग तोही खाल्ला.

"एक मी खाल्लाय," मी म्हणाले.

म्हातारी, मझेविनार तिचं नाव, मला बघत राहिली.
मग तिनं कागदात दोन चुर्चखेला गुंडाळल्या,
पेन्सिल थुंकीनं ओली करून हिशोब मांडला:
दोनाचे इतके.
आणि एका अक्रोडाचे वेगळे.

तू मोजून दिलेस. घासाघीस नाही.
निघताना तिनं मागून हाक मारली,
"शनिवारी लवकर ये. पोती उतरवायची असतात,
आणि माझा गुडघा गेलाय."

बाहेर पायरीवर बसून आपण खाल्लं.
दोरा माझ्या दातांत अडकला.
तू चावत राहिलास, खूप वेळ, मग म्हणालास,
"जरा खारट."

पुढचा थांबा इस्पितळाचा.
तिथल्या कँटीनमध्ये, म्हणे, सूप बरं मिळतं.